जीप उंच करावी की टायर बदलावे?



पाऊस ओसरला, भात खळ्यावर आले, की कल्याण-मुरबाडकडच्या गॅरेजांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "मिस्त्री, गाडी चार इंच उचलून द्याल का? खाली फार घासते." विचारणारा कधी डोंबिवलीचा नोकरदार तरुण असतो, शनिवार-रविवारी माळशेजकडे निघणारा. कधी शहापूरकडच्या पाड्यावरचा, जुनी जीप घेऊन भाडे मारणारा गृहस्थ असतो. पहिल्याची हौस आहे, दुसऱ्याचे पोट आहे. दुसऱ्याच्या जीपमधून सकाळी शाळेची मुले येतात आणि रात्री-अपरात्री एखादी बाळंतीण दवाखान्यात पोचते. आजचे बोलणे मुख्यतः त्याच्यासाठी आहे. पहिल्याने ऐकले तर त्याचेही काही बिघडणार नाही. शिक्षक मंडळींनी मात्र खडू हाताशी ठेवावा. मध्ये थोडे गणित आहे.

आधी आपली बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. गाडीचा आख जमिनीपासून किती उंच राहणार हे कोण ठरवते? चाक ठरवते. वरचा साटा तुम्ही कितीही उंच बांधा, आख तिथेच राहणार. जीपचेही तसेच आहे. जीपच्या आखाच्या पोटात एक गोल लोखंडी डबा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर बहुधा तोच टेकतो. आता पाटे वाकवून, जास्तीचा पाटा घालून किंवा लांब शॅकल लावून गाडी उचलली, म्हणजे साटा उंच झाला. डबा होता तिथेच! पैसे गेले, गाडी रुबाबदार दिसू लागली, आणि पुढच्या पावसात ती त्याच उंचवट्यावर अडकून बसली. हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

म्हणून गॅरेजात जाण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा करा. ओला चुना घ्या आणि गाडीखाली शिरून आखाच्या डब्याला, सायलेन्सरला, पायरीला, मधल्या सांगाड्याला फासा. चुना वाळला की नेहमीच्या वाटेने, नेहमीचे ओझे घालून एक खेप करा. परत आल्यावर पाहा, चुना कुठला खरवडला. डब्यावरचा गेला असेल तर पाटे उचलून उपयोग नाही, टायरचा विचार करा. पायरीचा किंवा सायलेन्सरचा गेला असेल तर आधी ती पायरी काढा, सायलेन्सर वर बांधून घ्या. मधला सांगाडाच घासत असेल, तर लिफ्टची गोष्ट काढायला हरकत नाही. पण त्याआधी पाटे जुने होऊन बसले आहेत का, हे बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांना लिफ्ट नको असते. पाटे पुन्हा कमानीत आणून नवीन बुश घातले की हरवलेली उंची परत मिळते. भिवंडीच्या बाजूला ट्रकांची वर्दळ मोठी, त्यामुळे पाट्यांचे काम जाणणारे कारागीर तिकडे सापडतात.

उंचीचा दुसरा हिशेब पेंढ्याच्या गाडीवरून कळतो. पेंढा उंच रचलेली गाडी बांधाच्या उतारावर कशी झुलते, ते तुम्हांला मी सांगायला नको. तरुणपणी मी स्वतः हा धडा घेतला. एका जुन्या जीपला मीच लांब शॅकल लावले. दोन इंच लांब शॅकल लावले की गाडी साधारण एकच इंच उचलते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून आणखी लांब लावले. पुढचा आख किंचित फिरला आणि स्टिअरिंग भिरभिरे झाले. टोकावड्याच्या पुढे एका वळणावर गाडी कलली ती सरळ शेतात आडवी. मागे भाताची पोती होती म्हणून निभावले. तीच माणसे असती तर? तो विचार आजही मनातून जात नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. उंच गाडीत म्हातारी आजी चढणार कशी? कळा देणाऱ्या बाईला वर घेणार कसे? जी गाडी माणसे नेते तिला दोन इंचांपलीकडे उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उचललीच तर शॉकअॅब्सॉर्बर त्या लांबीचे घ्यावे, ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना हे पाहावे, आणि शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजणार हे धरून चालावे.

आता टायर. आणि फळा. खेड्यापाड्यांत खूप दिसणाऱ्या बोलेरोला 215/75 आर 15 ह्या मापाचे टायर येतात. 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के. 15 म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. (एकाच मापात मिलिमीटरही आणि इंचही! मुलांना समजावताना ह्याची गंमत वाटते.) 215 चे 75 टक्के 161.25, वरची-खालची बाजू मिळून 322.5, 15 इंच म्हणजे 381. बेरीज 703.5 मिलिमीटर. आता 235/75 आर 15 घ्या. त्याचा व्यास येतो 733.5. फरक 30 मिलिमीटर, पण आख उचलतो त्याच्या निम्मा, म्हणजे 15. अर्ध्या इंचाहून थोडे अधिक. टायर चांगला जाड दिसतो, पण मिळते एवढेच. शिवाय चाकाचा घेर सव्वाचार टक्के वाढला. काटा 60 दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असेल, आणि चढावर इंजिनाची ओढ तेवढीच कमी झालेली असेल. भरल्या गाडीने घाट चढणाऱ्याला हे लगेच जाणवते.

म्हणजे मोठा टायर घेऊच नये का? घ्यावा, पण मापात. वळवताना आणि खड्ड्यात दबताना तो मडगार्डला लागू नये एवढा. आणि लिफ्ट करायचीच तर त्या टायरला जागा व्हावी एवढीच करावी. आधी टायर ठरतो, मग उंची. बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

मापाहून नक्षी महत्त्वाची. मोठ्या ठोकळ्यांची, रुंद चरांची नक्षी चिखल धरते आणि फेकून देते. पण ओल्या डांबरावर तिची पकड कमी, आवाज फार, झीज लवकर. तुमच्या खेपेतले कोस मोजा. पाड्यापासून डांबरापर्यंत दोन किलोमीटर चिखल आणि पुढे कल्याणपर्यंत चाळीस किलोमीटर डांबर असेल, तर निव्वळ चिखलाचा टायर घेऊन काय साधले? अशा माणसाने मधल्या जातीचा, सर्व वाटांचा म्हणून मिळतो तो टायर घ्यावा. फार रुंदही नको. पूर्वी मुंबईत विलीज जीप जोडल्या जात. त्या जीपचा टायर जेमतेम सहा इंच रुंद असे. आपल्या बाजूला वर चिखल आणि खाली मुरूम किंवा कातळ असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या कठीण थरावर उभा राहतो. रुंद टायर वरच्या वर घसरतो.

टायर घेताना बाजूला छापलेले चार आकडे वाचा. 2324 असेल तर तो 2024 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. मापापुढचा 100 हा आकडा म्हणजे एका टायरवर 800 किलो भार चालतो. मूळ टायरच्या आकड्याहून खाली जाऊ नका. चारही चाके पुढून-मागून ओढणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मापाचे हवेत, आणि जादा चाकही तेच. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. चिखलात हवा 30 पौंडांवरून 20-22 पर्यंत उतरवली तर पकड वाढते. पण डांबरावर येताच ती पुन्हा भरली पाहिजे, नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणजे गाडीत पंप हवाच.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या 52व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या कारखान्याच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजावले. तुमची पाटी एम एच 04 असेल तर ठाण्याच्या, 05 असेल तर कल्याणच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावे. विमा कंपनीला लेखी विचारावे.

आणि उंच गाडीच्या भरवशावर पुराच्या पाण्यात घालू नका. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्यांना हलवते. रुंद टायर तर अधिकच तरंगतात. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजाराहून जास्त उतारूंना बाहेर काढावे लागले. जिथे आगगाडी थांबते तिथे आपल्या चार इंचांचे काय?

काम झाल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवीन पाटे बसतात तसे ते सैल पडतात. चुन्याची डबी मात्र टाकू नका. नवे टायर बसले की त्याच वाटेने, तेच ओझे घेऊन एकदा पुन्हा जायचे आहे.