जुने कपडे देण्यापूर्वीं



कपाट आवरण्याचा दिवस प्रत्येक सुखवस्तु घरांत वर्षांतून एकदोनदां येतोच. त्या दिवशीं जो ढीग बाहेर निघतो त्याचें काय करावयाचें, याचें उत्तर पूर्वीं सोपें होतें. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर जाई, आजीचें लुगडें वापरून मऊ झालें कीं त्याचीं बाळाचीं दुपटीं होत, आणि जें अगदींच विरलें तें गोधडींत शिवलें जाई. आज घरांत माणसें थोडीं आणि कपडे फार अशी स्थिति आहे. साहजिकच ढिगाकडे पाहून कोणीतरी म्हणतें, "गरिबांना देऊन टाकूं." विचार चांगला आहे. परंतु त्यांतील 'टाकूं' हा शब्द मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. देणें निराळें आणि टाकणें निराळें. या दोहोंमधील अंतर किती आहे, आणि तें घरच्या घरीं कसें ओलांडावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

दारावर येणारी बोहारीण आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. भांड्याच्या बदल्यांत कपडे घेतांना ती काय करते? प्रत्येक कपडा झटकते, उजेडासमोर धरते, शिवणीवर बोट फिरविते, काखेंत विरला आहे कीं काय तें पाहते, आणि नको तो खुशाल बाजूस फेकून आणखी दोन कपडे मागते. तिच्याशीं घासाघीस करतांना आपणांस राग येत असेल; पण एक गोष्ट खरी कीं तिला नकार देण्याचा अधिकार असतो. दान घेणाऱ्याला तो अधिकार नसतो. देणारा समोर उभा असतां फाटका सदरा परत करण्याचें धैर्य कोणाला होणार? म्हणून बोहारीण जी परीक्षा दारांत करते, ती दान करणाऱ्यानें आपण होऊन घरांत केली पाहिजे. मला जें सांगावयाचें आहे तें सारें या एका वाक्यांत आलें.

इंग्लंडांत याकरितां धर्मादाय दुकानें आहेत. दुष्काळनिवारणासाठीं 1942 सालीं ऑक्सफर्ड येथें स्थापन झालेल्या संस्थेनें, जिला आज आपण ऑक्सफॅम म्हणून ओळखतों, 1948 सालीं त्याच शहराच्या ब्रॉड स्ट्रीटवर असें दुकान उघडलें. लोकांनीं दिलेल्या वस्तु तेथें विकावयाच्या आणि पैसा मदतकार्यास लावावयाचा. अशा दुकानांत गिऱ्हाईक पैसे देऊन, पारखून घेतें. न पटलें तर निघून जातें. आपल्याकडे अशीं दुकानें फार थोडीं. अलीकडे कित्येक शहरांतून 'माणुसकीची भिंत' दिसूं लागली आहे. 2015 च्या सुमारास इराणांतील मशहद शहरांत अशी एक भिंत उभी राहिली आणि तिची वार्ता जगभर गेली. नको असेल तें ठेवा, हवें असेल तें न्या, ही तिची रीत. परंतु त्याच भिंतीखालीं पावसांत भिजलेले, चिखलांत तुडविलेले कपडेही पाहावयास मिळतात, आणि मग ती भिंत माणुसकीची राहत नाहीं.

याहून मोठें उदाहरण 2004 च्या डिसेंबरांतील त्सुनामीचें आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरांतून कपड्यांचे ढीग जाऊन पडले. त्यांतील पुष्कळसे वापरण्याजोगे नव्हते, कांहीं तेथील लोकांच्या राहणीशीं न जुळणारे होते. ते रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले आणि निवडण्याचें निराळें काम होऊन बसलें. अंशु गुप्ता यांनीं 1999 सालीं दिल्लींत स्थापिलेल्या 'गूंज' संस्थेनें त्यांतील मोठा भाग पुढें मार्गीं लावला. या संस्थेची पद्धत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गांवकऱ्यांनीं विहीर, रस्ता, बांध असें गांवाच्या उपयोगाचें काम करावें आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावे. घेणाऱ्याची मान खालीं जाऊं नये, हा त्यांतील हेतु आहे. गुप्ता यांना 2015 सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

आतां आपल्या विदर्भांतील एक गांव डोळ्यांसमोर आणूं. भंडाऱ्याहून पवनीच्या वाटेनें निघालें कीं पवनी तालुक्यांतील अड्याळ लागतें. हा वैनगंगेच्या खोऱ्यांतील धानाचा मुलूख. जिल्हा विणकरांचाही आहे. मोहाडी, आंधळगांवकडील टसर प्रसिद्ध आहे. कापडाची पारख ज्या प्रदेशाच्या हाडांत आहे, तेथील मजुराला आपण कसलें कापड धाडतों याचा विचार नको का? 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर येऊन भंडारा शहरांत आणि नदीकांठच्या अनेक गांवांत पाणी शिरलें. अशा वेळीं शहरांतून मदतीचीं बोचकीं निघतात. तीं बांधतांना अड्याळच्या बाजूच्या एखाद्या मजूर कुटुंबाचें वर्ष आठवावें. आषाढ-श्रावणांत रोवणी चालते. बाया दिवसभर पोटरीभर चिखलांत वांकून उभ्या असतात. त्यांना जरीचें किंवा घसरणारें पातळ काय कामाचें? धुतां धुतां वाळणारें सुती लुगडें, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा यांची किंमत त्यांना अधिक. पौष-माघांत थंडी पडते; तेव्हां स्वेटर, शाल, घोंगडी हवी. जूनमध्यें शाळा उघडतात. तेव्हां मुलांचे कपडे पोंचले पाहिजेत. म्हणून पहिला नियम हा, कीं पाठविण्यापूर्वीं विचारावें: काय हवें, किती हवें, केव्हां हवें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं.

आधीं ढिगाचे तीन भाग करावे. आपल्या पाहुण्याला अडीअडचणींत घालावयास देतां येईल असा कपडा पहिल्या भागांत. अंगावर घालण्याजोगा नाहीं, पण सूत शाबूत आहे, असा दुसऱ्यांत. तो गोधडीला किंवा पुसण्याला जाईल. उरलेला तिसरा भाग कोणालाही देऊं नये. आंतले कपडे वापरलेले कधींच देऊं नयेत. द्यावयाचे तर कोरे आणावे. लुगड्याबरोबर परकर आणि पोलकें ठेवावें, कारण नुसतें लुगडें हें अर्धें दान होय.

मग सर्व खिसे उलटे करावे. त्यानंतर डाग. येथें घाईनें बरेंच नुकसान होतें. रक्ताचा डाग ऊन पाण्यांत घातला तर त्यांतील प्रथिन गोठून धाग्यांत पक्कें बसतें. तो थंड पाण्यांतच भिजवावा. हळदीच्या डागाला साबण लागतांच तो लाल होतो, तेव्हां घाबरूं नये. साबणांतील क्षारानें तसें होतें. धुऊन कडक उन्हांत वाळविला कीं तो फिका होत जातो. तेलाच्या डागावर खडूची पूड किंवा पीठ पसरून तेल टिपूं द्यावें आणि मग साबण लावावा. पांढऱ्या सुती कापडावर गंजाचा डाग असेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हांत ठेवावें, नंतर स्वच्छ धुवावें. रेशीम आणि लोकर मात्र उकळूं नये. त्यांना रिठ्याचें कोमट पाणी पुरतें.

सुती कपडे ऊन पाण्यांत धुऊन भर उन्हांत वाळवावे. यांत केवळ टापटीप नाहीं, आरोग्यही आहे. घरांत कोणाला खरूज झाली असेल तर त्याचे कपडे उकळल्याशिवाय बाहेर जातां कामा नयेत. तिचे किडे माणसाच्या अंगाबाहेर साधारणतः दोनतीन दिवसांहून अधिक जगत नाहींत. म्हणून जें उकळतां येत नाहीं तें आठवडाभर पिशवींत घट्ट बांधून वेगळें ठेवावें आणि नंतर धुवावें. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे दोन दिवस वाऱ्यावर टांगावे. लहान मुलांच्या कपड्यांविषयीं तर ही काळजी अवश्य घ्यावी.

यानंतर सुई-दोरा. तुटलेली गुंडी, उसवलेली शिवण, निघालेला नाडा, अडकलेली चेन यांची दुरुस्ती आपल्या घरीं पांच मिनिटांची असते. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईला ती पांच मिनिटेंही सांपडत नाहींत. एक टांका घातला नाहीं म्हणून चांगला सदरा वाया जातो. गंजलेले हुक काढून टाकावे. पोलक्याच्या तुकड्यांतील गंजक्या हुकानें जखम होऊन, धनुर्वातानें एक स्त्री दगावल्याची हकीगत अंशु गुप्ता यांनीं सांगितली आहे. तो तुकडा तिनें मासिक पाळीच्या दिवसांत वापरला होता. ज्या घरांत त्या दिवसांसाठींही कापडाचा तुकडा मिळत नाहीं, तेथें आपलें एक मऊ, स्वच्छ, सुती लुगडें केवढें मोठें काम करील!

शेवटीं इस्त्री करून नीट घडी घालावी. पुरुषांचे, बायकांचे आणि मुलांचे कपडे वेगळे बांधावे. मुलांच्या गठ्ठ्यावर वय लिहावें. पावसाळ्यांत बोचकें बांधण्यापूर्वीं कापड गालाला लावून पाहावें; थोडी जरी ओल राहिली तरी बुरशी साऱ्या गठ्ठ्यांत पसरते आणि आपलें सर्व श्रम फुकट जातात.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? ज्याला मुळींच नाहीं त्याला जें मिळेल तें गोडच. हा युक्तिवाद आपल्याकडे फार चालतो, पण तो आपल्याच सोयीचा आहे. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें 1876 सालीं परीट कुटुंबांत जन्मलेले गाडगे महाराज स्वतः चिंध्यांचें वस्त्र नेसत. पण उघड्याला वस्त्र द्यावें हें त्यांनीं आयुष्यभर सांगितलें, आणि हातांत झाडू घेऊन स्वच्छतेचा धडाही गांवोगांव दिला. त्यांनीं चिंध्या आपणांसाठीं ठेविल्या. आपण बहुधा याच्या उलट करतों.

वर्गांत बसलेल्या मुलाला आपला सदरा कोणाचा तरी उतरलेला आहे हें ठाऊक असतें. तो स्वच्छ असेल, त्याच्या गुंड्या पुऱ्या असतील, तर तें त्याला एकट्यालाच ठाऊक राहतें. त्यावर डाग असेल तर साऱ्या वर्गाला कळतें. एवढ्यासाठीं पाणी, साबण, ऊन आणि एक सुई आपल्या घरीं खर्ची पडली तर तो खर्च जड नाहीं.