अंगणातला पाम, बियांपासून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परभणी असो, सेलू असो की गंगाखेड, नव्या वसाहतीत गेलात की घराच्या फाटकापाशी पामची जोडी दिसतेच. यांतली कितीतरी रोपे आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातल्या रोपवाटिकांतून येतात. नदी तीच, गोदावरी. पण तिथली हवा दमट. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि वारा कोरडा असतो. दमट सावलीत वाढलेले रोप एकदम अशा उन्हात आले की त्याची पाने करपतात. पैसे जातात ते जातातच, आणि ‘आपल्याकडे पाम येत नाही’ असा समज होतो तो वेगळाच. पाम येतो. तो आपल्याच अंगणात बियांपासून वाढवला तर अधिक चांगला येतो.

पामची फांदी खोचून रोप होत नाही, कलमही बांधता येत नाही. एका खोडाच्या पामला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. तो गेला की झाड गेले. अरेका पामला बुंध्यातून फुटवे येतात, ते वेगळे करून लावता येतात. पण बॉटल पाम किंवा फिशटेल पाम वाढवायचा तर बीच हवे.

हे बी ताजे हवे. फार वाळले की पामच्या अनेक जातींचे बी रुजण्याची शक्ती गमावते. म्हणून जुन्या पाकिटापेक्षा झाडाखाली पडलेली पिकली फळे बरी. गर काढून बी स्वच्छ धुवा. फिशटेल पाम, म्हणजे आपला भेर्ली माड, याच्या गराने हातांना भयंकर खाज सुटते. तेव्हा हातमोजे घाला. धुतलेले बी दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला.

नुसती काळी माती वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि बी कुजते. निम्मी वाळू, निम्मा कोकोपीट किंवा चाळलेले शेणखत-माती असे मिश्रण करा. बी एक सेंटिमीटर खोल पेरा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. बी रुजायला ऊब लागते आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. अरेका एक ते तीन महिन्यांत उगवतो, फिशटेलला कित्येक महिने लागतात. तेव्हा पंधरा दिवसांनी उकरून पाहू नका.

आता एक सुचवतो. शोभेचा पाम हवा तर आपल्या ओढ्याकाठच्या शिंदीकडे का पाहू नये? तीही पामच, खजुराची सख्खी बहीण. निजामाच्या राज्यात शिंदीवरच्या अबकारीतून सरकारला मोठे उत्पन्न मिळे. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा लढ्याचाच एक भाग झाला होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तरी शिंदीवरचा ‘दारूचे झाड’ हा शिक्का काही पुसला गेला नाही. तिच्याच पानांची केरसुणी आपण लक्ष्मीपूजनाला पुजतो, पण झाड अंगणात नको! तिकडे अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हीच शिंदी बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने हौसेने लावतात.

शिंदीची फळे पावसाळ्याच्या तोंडाशी पिकतात, पेरणीलाही तीच वेळ चांगली. पिशवी मात्र फूटभर खोल घ्या. शिंदीचे बी रुजताना मुळासारखा पांढरा कोंब आधी खाली जातो. मग बीपासून थोड्या अंतरावर पहिले पान वर येते. ते दिसते अगदी गवताच्या पात्यासारखे. तण समजून उपटू नका. रोपाला चिकटलेले बीही तोडू नका. कोंब फुटलेल्या नारळात पांढरा मऊ गोळा असतो ना, तसाच भाग याही बीत असतो आणि तो रोपाला अन्न पुरवतो.

पहिला उन्हाळा रोप जाळीच्या सावलीत काढा, मग हळूहळू उन्हाची सवय लावा. दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीत लावा. पाणी साचणार नाही असा उंचवटा निवडा आणि आळ्यात सोयाबीनचे भुसकट पसरा. उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या घरांना ही गोष्ट महत्त्वाची आहे. शिंदीने एकदा मुळे खोल सोडली की तिला अरेकासारखे सतत पाणी लागत नाही.

दोन पथ्ये पाळा. शिंदीच्या पानांच्या देठांवर काटे असतात, म्हणून ती जाण्यायेण्याच्या वाटेपासून आणि विजेच्या तारांपासून दूर लावा. शिवाय हिरवी पाने उगाच छाटू नका. ताज्या जखमांच्या वासाने सोंड्या भुंगा येतो.

शिंदीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बी पाहून ते कळत नाही. म्हणून दहा-बारा बिया पेरा. उरलेली रोपे शेजाऱ्यांना द्या, शाळेला द्या, ओढ्याकाठी लावा. खोड दिसायला काही वर्षे लागतील. पण ओढ्याकाठची शिंदी आता विरळ होत असताना तिची एक जोडी आपल्या फाटकापाशी वाढणे, ही काही लहान गोष्ट नाही.