मोकळे मॅग्नेशियम किती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा बोनस, किमान वेतन, नाहीतर संपाचा हक्क असल्या एखाद्या विषयाची त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कळवलेला विषय वाचून एका चालकांनी दोनदा विचारले, की लिहिण्यात काही गफलत तर नाही ना. गफलत नाही. न्यूक्लिओसोम नावाच्या कणाला मॅग्नेशियमचे आयन किती चिकटतात, हे विद्यार्थी प्रयोगशाळेत कसे मोजतात, हाच आजचा विषय आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे वाचनालयात आणि कामगारांच्या पगारपत्रकांवर झाले. हिशेब तपासणे हा आमचा जन्माचा धंदा, आणि हा विषय मुळात हिशेबाचाच आहे.

माणसाच्या एका पेशीतला डीएनएचा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात राहतो, त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, पुष्कळदा त्याहूनही कमी. हा धागा कोंबलेला नसतो, गुंडाळलेला असतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांचे आठ रेणू मिळून एक रीळ होते आणि त्यावर धाग्याचे दोनाहून थोडे कमी वेढे बसतात. त्यात धाग्याच्या 147 जोड्या खर्ची पडतात. हे रीळ आणि हे वेढे मिळून न्यूक्लिओसोमचा गाभा झाला. अशी रिळे आपल्या एकेका पेशीत तीन कोटींच्या घरात आहेत! रॉजर कॉर्नबर्ग यांनी ही रचना 1974 साली मांडली. तिचे बारीक तपशिलांसह चित्र झुरिच येथे कॅरोलिन लुगर, टिमथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने 1997 साली मिळवले.

आता जमाखर्च पाहू. धाग्याच्या प्रत्येक जोडीमागे दोन फॉस्फेट, आणि प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण भार. म्हणजे एका रिळावरच्या धाग्याच्या नावे सुमारे 294 ऋण भार झाले. हिस्टोनांवरचे धन भार त्यातले ढोबळमानाने निम्मे फेडतात. उरलेले उघडे राहतात, आणि सारख्या भारांचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून रिळे आपण होऊन जवळ येत नाहीत. मॅग्नेशियमच्या प्रत्येक आयनावर दोन धन भार असतात. ते पाण्यात घातले की उरलेले ऋण पुष्कळसे फिटते आणि रिळे एकमेकांना बिलगू लागतात. संघटनेचा माणूस आता एकीच्या बळावर घसरणार, अशी भीती कोणाला वाटली असेल तर ती सोडावी. आयनांना वर्गणी नसते आणि सभासदत्वही नसते.

पण ‘चिकटतात’ या शब्दाने मोठा घोटाळा होतो. काही आयन धाग्याच्या ठरावीक खाचेत जागा धरून बसतात. पुष्कळसे नुसते भोवती दाटी करून असतात, आज हा, उद्या तो. शिवाय मॅग्नेशियम आपल्याभोवती पाण्याच्या सहा रेणूंचे पांघरूण घेऊन हिंडते. क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन, आणि मॅग्नेशियमच्या आयनात इलेक्ट्रॉन दहा, पाण्याच्या रेणूतही दहाच! चित्रात हा कोणता आणि तो कोणता, हे ओळखणे कठीण. म्हणून 2002 साली झुरिचच्याच मंडळींनी जे अधिक स्पष्ट चित्र प्रसिद्ध केले, त्यात ठरावीक जागी बसलेले आयन मँगनीजचे होते. त्यात इलेक्ट्रॉन तेवीस, ते उठून दिसतात. भोवतालची दाटी मात्र चित्रात येत नाही. ती मोजावीच लागते.

विद्यार्थी ती मोजतात तो प्रकार ऐकण्यासारखा आहे. प्रथम कोंबडीचे रक्त आणायचे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसते, पक्ष्यांच्या पेशींना असते. म्हणून खाटकाच्या दुकानात जे वाहून जाते ते येथे कामाला येते. केंद्रके वेगळी करून एका विकराने धागा रिळारिळांमधून कापायचा. मग हे कण एका पातळ पडद्याच्या पिशवीत भरून ती मॅग्नेशियमच्या पाण्यात रात्रभर थंडीत ठेवायची. पडद्यातून आयन ये-जा करतात, कण बाहेर पडू शकत नाहीत. सकाळी आतले मॅग्नेशियम मोजायचे, बाहेरचे मोजायचे. आत जे जास्त भरेल ते कणांनी धरलेले.

दुसरी रीत याहून सोपी. नळ्यांत मॅग्नेशियम चढत्या प्रमाणात घालून त्या जोराने फिरवायच्या. बिलगलेले कण तळाशी बसतात. वरच्या पाण्यात किती उरले ते 260 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने कळते. काही मिलिमोलपर्यंत गेले की कण तळाशी जातात (एक मिलिमोल म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे 24 मिलिग्रॅम मॅग्नेशियम), आणि प्रमाण फारच वाढवले तर पुन्हा विरघळतात. ही दुसरी गोष्ट प्रथम पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आपले काहीतरी बिघडले असे वाटते. बिघडलेले नसते.

खरी मेख वेगळीच आहे. रक्त गोठू नये म्हणून आणि पुढे तो विकर थांबवावा म्हणून इडीटीए नावाचा पदार्थ वापरतात. त्याचा एक रेणू मॅग्नेशियमचा एक आयन पकडून ठेवतो. तो धुऊन काढला नाही आणि एक मिलिमोल मागे राहिला, तर नळीवर ‘दोन’ लिहिलेले असूनही कणांच्या वाट्याला एकच येतो. कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. पत्रकावरचा पगार एक आणि हातात पडणारा दुसरा. मधली कपात कोणत्या खाती गेली हे पाहिल्याखेरीज घरखर्चाचा मेळ बसत नाही.

पेशीतही हाच प्रकार आहे. एकूण मॅग्नेशियम दहा-वीस मिलिमोल असले तरी मोकळे एका मिलिमोलच्या आसपासच. बाकीचे एटीपी आणि तत्सम रेणूंनी धरून ठेवलेले. जपानमध्ये मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेतल्या काझुहिरो माएशिमा आणि सहकाऱ्यांनी 2018 साली दाखवले, की पेशी दुभंगण्याच्या वेळी एटीपी घटते, त्याने धरलेले मॅग्नेशियम मोकळे होते, आणि गुणसूत्रे घट्ट होण्याला ते हातभार लावते. नवे मॅग्नेशियम बाहेरून आणावे लागत नाही. अडकलेले सुटते, एवढेच. हे वाचून आम्ही पुस्तक मिटवून बराच वेळ बसलो होतो.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते बोलतो. हे मोजमाप करणारे बहुतेक विशी-पंचविशीतले असतात. रात्री थंड खोलीत पिशव्या बदलणे, पहाटे नळ्या फिरवणे हे काम तेच करतात. एका प्रयोगशाळेतल्या मुलीने आम्हांला तिची वही दाखवली. तिचे आकडे छापील आलेखाशी जुळेनात, तेव्हा न जुळणारे तीन बिंदू गाळावेत असे तिला सुचवण्यात आले होते. तिने ते गाळले नाहीत. इडीटीए धुण्यासाठी पिशवी किती वेळा बदलली हे तिने मागे जाऊन वहीत तपासले. दोन वेळा बदलली होती. पुढच्या खेपेस तिने चार वेळा बदलली. तिच्या नावाचा हजेरीपट नाही, जादा कामाचा मोबदला नाही आणि रात्री परतायला वाहनही नाही. विचारले तर उत्तर मिळते, की ती शिकते आहे, काम करीत नाही. कारखान्यातल्या उमेदवारांबद्दल हेच उत्तर आम्ही उभा जन्म ऐकत आलो आहोत, आणि ते आम्हांला कधीच पटलेले नाही.

चार वेळा बदललेल्या पिशवीचे आकडे यायचे आहेत. नव्या पानावर तिने दोन रकाने आखले आहेत: घातलेले मॅग्नेशियम आणि मोकळे मॅग्नेशियम. जुने तीन बिंदू आधीच्या पानावर तसेच आहेत.