एका जागेचीं दोन नांवें

श्रीरामपूरला रेल्वेनें जाणाऱ्याच्या तिकिटावर नांव असतें ‘बेलापूर’. नवखा प्रवासी क्षणभर गोंधळतो. पण नांवें दोन असलीं तरी फलाट एकच, हें उतरतांच त्याच्या ध्यानीं येतें. तंतुसिद्धान्त विश्वाविषयीं कांहींसें असेंच सांगतो. मात्र तेथें दोन असतात तीं नुसतीं नांवें नव्हेत, तर दोन संपूर्ण नकाशे.

ह्या सिद्धान्ताप्रमाणें द्रव्याचे मूळ घटक बिंदु नसून कंप पावणारे अतिसूक्ष्म तंतु होत. बिंदूला वर्तुळाकार वाटेनें केवळ धांवतां येतें. तंतूला मात्र रहाटावर दोर गुंडाळावा तसा तिच्याभोंवतीं वेढाही घालतां येतो. वाट मोठी असल्यास वेढ्याला ऊर्जा अधिक लागते व धांवेला कमी; वाट फार लहान झाल्यास नेमकें उलट. आतां धांव व वेढा यांची अदलाबदल करावी आणि तंतूच्या स्वाभाविक लांबीच्या मापानें त्रिज्येचा व्यस्त घ्यावा. ऊर्जेचा सारा हिशेब तंतोतंत तोच येतो. ही द्विरूपता किक्कावा व यामासाकी यांनीं १९८४ मध्यें दाखविली. प्रबळ व दुर्बल युग्मनांमधील दुसऱ्या एका द्विरूपतेला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतून डॉ. अशोक सेन यांनीं १९९४ मध्यें भक्कम आधार दिला.

मग अवकाशाचा खरा आकार कोणता? गडहिंग्लज येथें जन्मलेले डॉ. अतीश दाभोलकर यांनीं ख्रिस हल यांच्यासह २००२ पासून ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. एका दिशेनें फेरी मारून परत यावें, तों लहान वाट मोठी झालेली! नेहमींच्या भूमितींत असें क्षेत्र जुळतच नाहीं. परंतु गुंडाळलेल्या प्रत्येक दिशेला वेढ्याची अशी एक जोडदिशा दिली, म्हणजे सारे सांधे बरोबर बसतात. २००९ मध्यें हल व झ्वीबाख यांनीं ह्या द्विगुणित अवकाशावर क्षेत्रसिद्धान्त उभारला. डॉ. दाभोलकर २०१९ मध्यें त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले.

ह्या जोडदिशा खऱ्या कीं केवळ हिशेबाच्या सोयीच्या, याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. तंतुसिद्धान्तालाच अजून प्रयोगाची साक्ष मिळावयाची आहे. तथापि अंतर हें विश्वाचें मूळचें लक्षण आहे, हा आपला जुना विश्वास ह्या विचारानें हलविला आहे. मोजणारा बिंदु असेल तर एक भूमिति, तंतु असेल तर दुसरी. विश्व मोजावयास निघालेल्यानें हातांतील दोरीचीही चौकशी करावी, हाच त्याचा बोध.