तंबू वाळूवर नको, वाडीत टाका

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, कोकणात बीचवर टेंट टाकता येतो का? आज त्यावरच बोलतो. कारण होळीच्या आधीचे पाच दिवस मी आणि बायको गाडी, टेंट आणि एक छोटा गॅस घेऊन फिरून आलो. ताम्हिणीतून खाली हरिहरेश्वर, मग वेळास, आंजर्ले, हर्णै, आणि परत येताना रसाळगड.

थोडं बॅकग्राउंड सांगतो. आम्ही दोघंही आयटीत. एका घरात राहतो, पण दिवसभरातलं बोलणं काय, तर ‘कॉलवर आहे, नंतर बोलू’. त्यात एप्रिलमध्ये ती कामासाठी दोन वर्षं जर्मनीला चाललीय. मी बरोबर जायचं की इथेच थांबायचं, हे काही ठरत नव्हतं. विषय निघाला की दोघांपैकी एकाचा फोन वाजायचा. तेव्हा ती म्हणाली, ‘जिथे रेंज नाही तिथे जाऊ.’

निघायच्या आधी मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट बनवली. किलोमीटर, पेट्रोल, मुक्काम, सगळं. त्यात बायकोने एक कॉलम वाढवला: तिथी. तिचं आजोळ मुरूडचं, जंजिऱ्याजवळचं. तिने सांगितलेलं गणित असं, तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठ आणि रात्रीही त्याच सुमाराला समुद्र पूर्ण भरलेला, आणि मध्ये साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण प्लॅन करायला पुरतं. मी ऑनलाइन तक्त्याशी ताडून पाहिलं आणि गप्प बसलो.

याचा उपयोग पहिल्याच दिवशी झाला. हरिहरेश्वरला देवळामागून डोंगराला वळसा घालणारा प्रदक्षिणा मार्ग आहे. कातळाच्या चिरेतून पायऱ्या उतरून तुम्ही थेट समुद्राच्या पातळीवर येता. लाटांनी कोरलेले, मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे खडक आहेत तिथे. पण ही वाट ओहोटीचीच. भरतीच्या वेळी लाट खडकावर चढते आणि माणसाला ओढून नेते, इथे माणसं गेलेली आहेत. आम्ही अकरा वाजता पोचलो होतो, पण उतरलो दोन वाजता. मधले तीन तास सोलकढी आणि सावली.

आता टेंटकडे येतो. आमच्यासारखे लोक जागा शोधताना काय बघतात? ओली वाळू नको. वरची कोरडी, सपाट वाळू हवी, समोर समुद्र हवा. इथे दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली म्हणजे, भरती रोज एकाच रेषेपर्यंत येत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी कमी चढतं. तिथून पौर्णिमा किंवा अमावास्येकडे जाताना ते रोज वर वर सरकतं आणि उधाण येतं. आम्ही एकादशीला निघून पौर्णिमेला परतणार होतो. म्हणजे आज जी वाळू कोरडी दिसतेय, ती दोन दिवसांनी रात्री अकराच्या पुढे, तुम्ही झोपेत असताना, पाण्याखाली असू शकते. गाडी वाळूवर नेणाऱ्यांचंही हेच होतं. चाक रुततं, आणि समुद्र कोणासाठी थांबत नाही.

दुसरी गोष्ट मला वेळासला कळली. बागमांडल्याच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं, बाणकोटवरून वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं, आणि गावाने ते आपलं मानलं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत! म्हणजे आपण टेंटसाठी जी जागा शोधतो, नेमकी तीच. अंधारात टॉर्च दिसला, माणसं दिसली, की ती अंडी न घालताच मागे फिरू शकते. आणि पिल्लं समुद्राकडे जातात ती क्षितिजावरच्या उजेडाच्या अंदाजाने. मागे शेकोटी किंवा गाडीचे दिवे असतील तर ती उलटी चालू लागतात.

वेळासला अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. पिल्लं बाहेर आली का, हे सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात. त्या संध्याकाळी सात पिल्लं होती. दोरीच्या मागे आम्ही साठ-सत्तर माणसं, आणि कुणी बोलत नव्हतं. एक पिल्लू लाटेपर्यंत जायचं आणि लाट त्याला परत आणून टाकायची. चार वेळा. पाचव्यांदा ते गेलं. शेजारची शाळकरी मुलगी श्वास रोखून उभी होती. खरं तर मीही.

मग टेंट टाकायचा कुठे? गावात जाऊन विचारायचं. एवढंच. आंजर्ल्याजवळ एका घरासमोर गाडी थांबवली, म्हटलं, ‘काका, रात्रीपुरता तंबू टाकू का तुमच्या वाडीत?’ काका उत्तर द्यायच्या आधी काकू बाहेर आल्या.

‘नवरा-बायको ना तुम्ही?’

‘हो काकू,’ बायको म्हणाली.

‘मग गळ्यात काही दिसत नाही ते?’

‘प्रवासात घालत नाही.’

काका म्हणाले, ‘अगं, आता त्यांनी सर्टिफिकेट दाखवायचं काय?’ आणि पुढे होऊन जागा दाखवायला लागले. नारळाखाली नको, रात्री नारळ पडतो. फणसाखाली तर नकोच. सुकलेल्या झावळ्यांजवळ गॅस पेटवायचा नाही. शेवटी विहिरीपलीकडची मोकळी जागा मिळाली. जागेचे पैसे घेतले नाहीत, जेवणाचे घेतले. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. आमचं नूडल्सचं पाकीट बॅगेतच राहिलं.

रात्री लांबून शिमग्याचे ढोल ऐकू येत होते, समुद्राचा आवाजही. इन्स्टावर टाकण्यासारखा व्ह्यू नव्हता, समोर विहीर आणि केळी. पण त्या अंधारात बायकोने सरळ विचारलं, ‘तुला यायचं नाहीये, की आई-बाबांना सांगायची भीती वाटतेय?’ मी लगेच काही बोललो नाही. तीही पुन्हा बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कड्यावरचा गणपती, मग संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव. होड्यांमधून मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात, समोर सुवर्णदुर्ग. बघण्यासारखं आहे, पण बोटं दाखवून फोटो काढत मध्ये उभे राहू नका. तिथे लोकांचा धंदा चाललेला असतो.

नंतर दापोलीहून खेड, आणि पुढे रसाळगड. हा भाग मात्र मला सगळ्यात आवडला. रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे तीन किल्ले एकाच रांगेत आहेत. तिन्ही करायचे तर दोन-तीन दिवस आणि गावातला वाटाड्या हवा, सुमारगडाची वाट दाट जंगलाची आहे. आम्ही फक्त रसाळगड केला. पायथ्याच्या वाडीत विचारून एका अंगणात टेंट टाकला आणि पहाटे चढलो. चढ फार नाही. वर झोलाई देवीचं मंदिर आहे आणि माळावर विखुरलेल्या तोफा. उन्हं आली तसा समोर मकरंदगड दिसायला लागला.

तिथे एका तोफेजवळ बसून मी उत्तर दिलं. म्हटलं, भीतीच आहे. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये आहे, ते होऊ दे. मी ऑक्टोबरमध्ये येतो, तोवर तिथे नोकरी बघतो, आणि आई-बाबांशी या रविवारी बोलतो. ती म्हणाली, ‘रविवारी मीही बसते तुझ्याबरोबर.’ मग आम्ही डब्यातली चिक्की खाल्ली आणि उतरलो.

परतीला पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात थांबलो. सावित्रीचा उगम तिथला. चार दिवसांपूर्वी जी खाडी ओलांडायला गाडीसकट बोटीत चढावं लागलं होतं, तिचं पाणी इथे ओंजळीत मावत होतं. बायकोने ते चेहऱ्यावर मारलं आणि म्हणाली, वाईपर्यंत मी चालवते.

रविवारी आई-बाबांशी बोलणं झालं. आई रडली, बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो तिथल्या थंडीचा. तर असं आहे. टेंट कोणता घ्यायचा, गॅस कोणता, हे पुढच्या भागात सांगतो. भेटूया.