दारावरची पाल आणि घरावरचं नाव



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक चालू होती. हप्त्यांचा हिशोब सुरू असताना भिंतीवरची पाल चुकचुकली. लगेच एका आजींनी बोटाने वही ठोकली, "कृष्ण कृष्ण!" आम्ही सगळ्या हसलो. मी म्हटलं, "आजी, एका मुलखात लोक घरावर मुद्दाम पाल कोरून घेतात." आजींना काही पटेना. म्हणून आज तीच गोष्ट सांगते.

इंडोनेशिया देशात सुमात्रा नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या उत्तर भागात तोबा नावाचा अफाट तलाव आहे. त्या भागात बटाक लोक राहतात. त्यांची जुनी लाकडी घरं उंच खांबांवर उभी असतात. खाली गुरंढोरं, वर माणसं. छप्पर खोगिरासारखं, मधे दबलेलं आणि दोन्ही टोकांना उचललेलं.

घराच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर, तुळयांच्या टोकाला, एक मोठं तोंड कोरलेलं असतं. लांब चेहरा, बटबटीत डोळे. त्याला 'सिंगा' म्हणतात. शब्द आपल्या 'सिंह'चाच, पण हा प्राणी सिंह नव्हे. थोडा माणूस, थोडा रेडा, थोडी सुसर! घरात वाईट काही शिरू नये, म्हणून तो तिथे पहाऱ्याला.

पुढच्या फळ्यांवर लाल, पांढरी, काळी वेलबुट्टी असते. पूर्वी हे रंग लाल माती, चुना आणि कोळशापासून करत. त्या नक्षीतच पाल असते आणि तिच्याजवळ बाईचे स्तन कोरलेले असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाल म्हणजे जमिनीची राखणदार, पीकपाणी देणारी. स्तन म्हणजे लेकरांना पोसणारी आई. या दोघींमुळे घर भरलेलं राहतं, अशी त्यांची समजूत.

त्यांच्यातल्या कारो बटाक लोकांची रीत मला फार आवडली. ते भिंतीच्या फळ्या काळ्या तंतूंच्या दोरीने शिवतात आणि टाके असे घालतात की भिंतीवर पालीचा आकार उठतो. म्हणजे तीच पाल घर राखते आणि तीच फळ्या धरून ठेवते.

पण एक गोष्ट मनाला लागली. घराच्या कपाळावर आई कोरलेली, आणि रूढीप्रमाणे वडिलांच्या जमीनजुमल्यात लेकीला वाटा नाही! कारो समाजातला असा एक दावा थेट इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ साली न्यायालयाने सांगितलं, वारसा हक्कात मुलगा आणि मुलगी सारखेच.

आता आपल्याकडे बघा. दारावर आपण तोरण बांधतो, उंबरठ्याची पूजा करतो, भिंती सारवतो. हे सगळं करणारी बाईच. आमच्या गटातल्या एका ताईंनी वीस वर्षं घर सारवलं. नवरा गेला तेव्हा कळलं, घर दिराच्या नावावर आहे. त्या ताई आजही कागदांसाठी खेटे घालताहेत.

म्हणून मैत्रिणींनो, एक काम करा. ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना आठचा उतारा काढा. त्यावर कुणाचं नाव आहे ते स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या. तुमचं नाव नसेल तर पुढच्या बैठकीत तो विषय काढा. एकटीने जाऊ नका, चौघीजणी मिळून जा.

आणि बैठकीत पाल चुकचुकली, तर खुशाल "कृष्ण कृष्ण" म्हणा. पण उतारा काढायचं विसरू नका.