मिरगाच्या तोंडावर रोपं विकताना



रोहिणी नक्षत्र निघालं की रोपवाटिकेत काम करणाऱ्याला दिवस पुरत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो. एक चांगला पाऊस पडला की गिऱ्हाईक दारात उभं राहतं आणि वर्षातली मोठी विक्री त्या थोड्या दिवसांत होते. तिची तयारी मात्र चैत्र-वैशाखातच करावी लागते. एरवी या महिन्यांत आपला झगडा उन्हाशी असतो. २०२५ साली तसं झालं नाही. वळीव येऊन गेला असं म्हणायलाही सवड मिळाली नाही, मे महिना भिजतच गेला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा. त्याची नेहमीची तारीख ११ जून. असा वैशाख पुन्हा येऊ शकतो, हे धरूनच रोपांची आखणी करायला हवी. घरामागे रोपं करणारे, आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या आणि बचत गटातर्फे विक्री मांडणाऱ्या भगिनी, या सगळ्यांसाठी आज बोलतो आहे.

पावसाळी हवेत रोपं दिसायला फार देखणी होतात. हिरवीगार, लुसलुशीत, वीतभर उंच. मला काळजी वाटते ती याच देखणेपणाची. आभाळ भरलेलं असतं, वर उन्हाच्या भीतीनं लावलेली शेडनेट तशीच असते, त्यामुळे रोप उजेडासाठी उंच ओढलं जातं. खाली माती चिंब असते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि भरलेल्या मातीत ती मिळत नाही. पान वाढत राहतं, मूळ मागे पडतं. असं रोप वाफ्यात लावलं आणि दोन दिवस कडक ऊन पडलं की माना टाकतं.

म्हणून विक्रीच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक जातीचं एक रोप उपडं करून बघा. खोड दोन बोटांच्या मधे धरा, कप किंवा पिशवी उलटी करा, तळावर हलकेच टिचकी मारा. मातीची हुंडी अखंड निघाली, कडेनं पांढरी मुळं दिसली आणि ओल्या मातीचा स्वच्छ वास आला, तर रोप तयार होतंय. मुळं तपकिरी असतील, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल हातात येऊन आत नुसता दोरा उरत असेल, तर ते मूळ कुजलेलं आहे. वरचं पान कितीही टवटवीत दिसलं तरी ते रोप विकू नका. गिऱ्हाईक पानाकडे बघून पैसे देतं, त्याला मूळ दिसत नाही. त्याच्या वतीनं ते आपण बघायचं असतं.

आता उपाय. पाऊस थांबवता येत नाही, साचलेलं पाणी काढता येतं. पिशव्या सपाट जमिनीवर मांडल्या की तळाची भोकं चिखलानं बुजतात. त्या विटांवर, फळ्यांवर किंवा खडीच्या थरावर घ्या आणि भोकं दाभणानं मोकळी करा. पिशवीखालून मुळं जमिनीत घुसली असतील तर तेव्हाच उचलून तोडा, म्हणजे विक्रीपर्यंत रोप सावरतं. ऐन बाजाराच्या सकाळी ही मुळं तोडली, तर गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत रोप मलूल होतं. ढगाळ दिवशी शेडनेट गुंडाळून ठेवा. मात्र आठवडाभराच्या झडीनंतर एकदम ऊन तापलं, तर दुपारपुरती पुन्हा ओढा, कारण कोवळी पानं करपतात. रोपं एकमेकांना चिकटून उभी असतील तर अंतर वाढवा. मधून वारा खेळला की खोड जाड होतं.

टोमॅटो, मिरची, वांग्याच्या ट्रेमध्ये या दिवसांत मर येते. मातीलगत खोड पाणचट होतं, बारीक पडतं आणि रोप आडवं होतं. एका कोपऱ्यात सुरू झालेली मर ओल्या हवेत भराभर पसरते, तेव्हा तो कोपरा लगेच काढून टाका. उरलेल्या रोपांना १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून आळवणी करा. ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर तो पेरणीआधीच कुजलेल्या शेणखतातून द्यावा; ही दोन्ही एकाच वेळी देऊ नयेत. आणि पान पिवळं दिसलं की युरियाकडे हात जातो, तो आवरा. पावसानं नत्र धुपून जातं हे खरं, पण गुदमरलेल्या मुळांचं पानही पिवळंच पडतं. आधी निचरा सुधारा. युरियानं आणखी लुसलुशीत झालेलं रोप रोगाच्या तोंडी जातं.

विक्रीआधी पाच-सहा दिवस पाणी कमी करा. पाऊस चालू असेल तर बाजूनं मोकळं, वर पारदर्शक कागद असलेलं छप्पर करून ट्रे त्याखाली घ्या. रोप काटक होतं आणि हुंडी नेताना फुटत नाही. बी दोन टप्प्यांत, आठवड्याच्या अंतरानं टाका. टोमॅटोचं रोप साधारण चार आठवड्यांत तयार होतं, मिरचीला त्याहून जास्त लागतात. पाऊस लवकर आला तर पहिली तुकडी हाताशी असते, लांबला तर दुसरी. दुधी, दोडका, कारली मात्र दोन खरी पानं आली की विकून मोकळे व्हा. त्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही.

पावसात मार्करची अक्षरं पुसट होतात. प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं नाव टिकतं. मिरचीची जात चुकली तर एक हंगाम जातो. आंब्याची चुकली तर गिऱ्हाइकाला ते कळायला कित्येक वर्षं जातात, आणि तोवर त्यानं त्या झाडाला पाणी घातलेलं असतं. हे मला फार गैर वाटतं. फळझाडांची कलमं विकायची असतील तर महाराष्ट्रात १९६९च्या कायद्याप्रमाणे कृषी विभागाचा परवाना लागतो, तो आधी काढा. कलमाच्या जोडाखाली खुंटाला फूट आली असेल तर ती खुडा. जोड पक्का झाल्यावर प्लास्टिकची पट्टी सोडवा, नाहीतर ती खोडात रुतते.

गिऱ्हाइकाला रोप देताना दोन मिनिटं बोला. पिशवी ब्लेडनं चिरून काढायची, रोप खोडाला धरून ओढायचं नाही. कलमाचा जोड मातीच्या वर राहील असंच लावायचं. खड्ड्यात पाणी तुंबलेलं असेल तर त्या दिवशी लावूच नये, रोप पिशवीतच सावलीला ठेवून उघडीप मिळाल्यावर लावावं. विक्री संपल्यावर उरलेली चांगली रोपं त्याच आठवड्यात मोठ्या पिशवीत घ्या, श्रावणात त्यांना पुन्हा मागणी येते.